हातभर सूत

अहो,

तुमचं नाव घ्यायची सवय कधी लागलीच नाही, म्हणून पत्रातसुद्धा 'अहो'च. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढू नका. तशीही तुम्हाला आता काय घाई आहे?

काल शेवटचा घेणेकरी दारातून गेला, आपला किराणेवाला. पाच रुपये घेतले, माझ्यासमोर वहीतलं पान फाडलं आणि म्हणाला, "झालं बाई." मला वाटलं होतं, त्या दिवशी मी धाय मोकलून रडेन. मी चुलीवरचं वरण उतरवलं. काही वाटलंच नाही हो! तुम्ही गेलात तेव्हाही असंच झालं होतं. बायका म्हणत होत्या, हिला रडवा रे कोणीतरी.

आज मारबत आहे, पोळ्याचा दुसरा दिवस, रोगराई घालवायची मिरवणूक. सासूबाई आपल्या शोभाला घेऊन चौकात गेल्या आहेत. रस्त्यावरून आरोळ्या ऐकू येतात आणि मला तुमचीच आठवते. त्या शेवटच्या वर्षी सगळे खोकला-ताप घेऊन जा म्हणत होते, आणि तुम्ही ओरडलात, "कोष्ट्याचं कर्ज घेऊन जाय गे मारबत!" अख्खा मोहल्ला हसला. मीही पदर तोंडाला लावून हसले. मला वाटलं, तुम्ही गंमत करता. पुढच्या मारबतीला तुम्ही नव्हता. आठ दिवसांची कावीळ, आणि संपलं.

तेराव्याला सात माणसं आली. सात! मला दोघांचं माहीत होतं. सूतवाला, किराणेवाला, लुगडी घेणारे गांधीबागेतले सेठ, उमरेडचे तुमचे मामा, आणखी तिघं. सगळं मिळून नऊशेच्या वर. प्रत्येक जण म्हणाला, "त्यांनी येत्या हप्त्यात देतो म्हणून सांगितलं होतं." एकाच हप्त्यात सात जणांना कुठून देणार होता? दारात जो मोठ्यानं ओरडेल त्याला द्यायचं आणि त्यासाठी गप्प बसणाऱ्याकडून आणायचं, हीच तुमची रीत. तुमचे मामा सगळ्यांत गप्प, म्हणून त्यांचेच सगळ्यांत जास्त.

आणि मी काय केलं? तेच! मीसुद्धा सातही जणांना सांगून टाकलं, येत्या महिन्यात बघते. लाज वाटत होती ना. माणूस गेला की घरची बाई हात जोडून सगळ्याला हो म्हणते.

मागावर तुमचं सूत चढवलेलं होतं. दोन लुगडी व्हायची राहिली होती, आणि दोन्हींचे पैसे तुम्ही सेठकडून आधीच उचलले होते. माझा हात सुताच्या कांड्या भरायचा, मागावर धोटा फेकायचा नाही. सासूबाई शेजारी बसून सांगायच्या आणि मी विणायचे. पहिलं कसंबसं झालं. दुसऱ्याच्या वेळी सेठचा माणूस मोजायचा गज घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. मोजून म्हणाला, "हातभर कमी हाये बाई. कमी लुगडं सेठ घेत नाही. आधीच दिलेल्या पुऱ्या अकरा रुपयांचा सवाल हाये."

तुम्ही मला किती वेळा बजावलं होतं! "लुगडं उतरवशीन तं हातभर सूत मागावर राहू देजो वं. नवं सूत त्यालेच सांधा लागते." आणि तो माणूस पायानं उंबरा ठोकत होता. मी मागचं सगळं सूत पुढे ओढलं, शेवटच्या टोकापर्यंत विणलं आणि कापून त्याच्या हातात दिलं. उरलेली टोकं, वयीतून, फणीतून एकेक ओवलेली, सुटून खाली पडली. त्याला पुरं माप मिळालं आणि माग उघडा पडला.

सासूबाई न्हाणीतून आल्या आणि उभ्याच राहिल्या. "सारंच कापलं वं? आता नवं सूत कशाले बांधशीन?"

नवं सूत तरी कुठे होतं! दुसऱ्यांच्या कांड्या भरून आलेला पैसा मी घेणेकऱ्यांत वाटून बसले होते. सतरा दिवस माग तसाच होता. माग विकून टाक, असं तुमच्या मामांनीही सुचवलं. सासूबाईंनी कानातली फुलं काढून सूत आणलं. मग आम्ही दोघी मागाच्या दोन बाजूंना बसलो. त्या मागून एकेक धागा हाती द्यायच्या, मी पुढून ओढून घ्यायचे. त्यांना नीट दिसत नाही, चुकायचं, परत काढायचं. सहा दिवस लागले. सहा दिवसांत त्या एकदाच बोलल्या. "तो सर्व्यायले द्याचा, मागाले नाही द्याचा. तू बी तेच करून राहिली."

मग मी सातही दारांत गेले. सांगितलं, महिन्याला प्रत्येकाला पाच देईन, मामांना दहा, जास्त नाही. किराणेवाला उसळला, "पाच-पाच करून केव्हा फिटन?"

"दोन वर्षं लागतील," म्हटलं. "पण पाच येतील."

तेव्हापासून हाती पैसा आला की पदराला पहिली गाठ सुताची, दुसरी ज्वारीची आणि रॉकेलची, शोभाच्या फीची. तिसरी, शेवटची, घेणेकऱ्यांची. एकदा तिसऱ्या गाठीत कमी उरलं, तर पाचाऐवजी चार-चारच नेऊन दिले आणि तोंडावर सांगितलं. तुम्हाला हे एवढं का जमलं नाही हो? अंथरूण पाहून पाय पसरायचं राहू द्या, निदान मला सांगायचं तरी! मी कांड्या भरून मडक्यात साठवलेले साठ रुपये तुम्ही 'दिवाळीले देतो' म्हणून नेलेत. माझं नाव मी घेणेकऱ्यांच्या यादीत कधी घातलं नाही.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सर्व्यायचं फिटलं. आता झोप नीट." मी हो म्हटलं.

पण फिटलं नाही. मागावर आज सूत आहे, ते मी आणि सासूबाईंनी ओवलेल्याला सांधलेलं आहे. तुमच्या हातचं शेवटचं सूत मी अकरा रुपयांच्या मापात घालून दिलं. कुठल्या बाईनं ते लुगडं नेसून फाडलंही असेल. ते सूत मात्र कुणाला पाच-पाच देऊन परत येणार नाही. हे लिहिताना पहिल्यांदाच डोळे पुसावे लागले.

तुमच्याकडे माझे साठ रुपये, माझ्याकडे तुमचं हातभर सूत. सासूबाई म्हणतील, फिट्टंफाट झाली. मी म्हणणार नाही. एवढी एक उधारी आपल्या दोघांत राहू द्या.

आणि एक शब्द देते. यापुढे दारात कुणीही येऊन उभा राहो, गज आपटो, ओरडो, मागावर हातभर सूत ठेवल्याशिवाय मी लुगडं कापणार नाही.

तुमची देणं लागणारी,
गिरजा