पायऱ्यांचा हॉल विकणे आहे

११ जानेवारी, रविवार

एजंट पोवार आला. हॉलच्या उंबऱ्यावरच थांबला. "मॅडम, हे काय हाय?"

सांगितलं. मामंजींची करणी. गल्लीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला तेव्हा माणसं दारात, खिडकीत, एकमेकांच्या खांद्यावर. मामंजींनी गवंडी बोलावला आणि हॉलच्या मागच्या भिंतीला सिमेंटच्या तीन लांबलचक पायऱ्या बांधून घेतल्या. स्टेडियमसारख्या. वर लाल कोबा. कुणाचं डोकं कुणाच्या आड यायला नको. तेव्हापासून तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच असली की अर्धी मंगळवार पेठ आमच्या हॉलमध्ये. मॅच नसली की मॅचबद्दल बोलायला.

पोवारने पायऱ्या पावलांनी मोजल्या. "युनिक हाय. गिऱ्हाईक मिळंल. पण हॉल कंटेम्पररी करून घ्या."

"म्हंजे काय करायचं?" यांनी विचारलं.

"म्हंजे साहेब, हितलं सगळं काढायचं. माणसंबी."

मला पोवार पहिल्या भेटीतच आवडला.

घर माझ्या नावावर आहे. मामंजींचा मुलावर विश्वास नव्हता आणि तसं ते चारचौघांत सांगायचे. राजारामपुरीतला, म्हणजे रा.पुरीतला, नवा फ्लॅट मीच पसंत केलाय. हॉलला दार आहे. दाराला आतून कडी आहे. बिल्डरचा माणूस किचन दाखवत होता, मी कडी लावून बघत होते. उभी नोकरी शाळेत केली, पेपर तपासले ते स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीवर. कारण हॉलमध्ये ऑफसाइड होता की नव्हता हे ठरत नव्हतं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ घ्यायला सगळी गल्ली. विषय एकच. आम्ही कुठे जाणार हे कुणी विचारलं नाही. "वैनी, मॅच कुठं बघायची मग?" हे सगळ्यांनी विचारलं.

एकाने तोडगा काढला. खरेदीपत्रातच लिहून घ्यायचं, मॅचच्या दिवशी पायऱ्या गल्लीच्या. बाकी घर घेणाऱ्याचं. हे मान डोलवत होते. मी बघितल्यावर डोलवायचे थांबले.

१८ जानेवारी, रविवार

पोवारने पाठवलेली डेकोरेटर आली, श्रेया. भाचीच्या वयाची. पायऱ्या बघून टाळ्याच वाजवल्या. "काकू, स्टेप सीटिंग! लोक हे मुद्दाम करून घेतात!" मामंजी असते तर तिला दत्तक घेतलं असतं.

मग कामाला लागली. शिल्डांचं कपाट माळ्यावर. टीमचे फोटो माळ्यावर. पैलवानांचं कॅलेंडर, सोसायटीचं घड्याळ, कुणी कधी आणून ठेवलेल्या सात-आठ प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळं माळ्यावर. टीव्ही बेडरूममध्ये. भिंतींना एक रंग द्यायचा, त्याचं नाव ओटमील. कोपऱ्यात उंच फुलदाणी आणि तिच्यात वाळकं गवत. हे म्हणाले, "ह्ये आपण म्हशीला घालत हुतो." श्रेया म्हणाली, "पॅम्पास आहे, काका." ते म्हणाले, "म्हशीला नाव सांगत नव्हतो एवढंच."

पहिल्या पायरीवर पाटी: कृपया बसू नये. गिऱ्हाईक येईपर्यंत डाग नकोत म्हणून. यांनाही लागू आहे का, असं यांनी विचारलं. श्रेया हसली. मी नाही हसले. लागू आहे म्हटलं.

पायऱ्यांवर घालायच्या गाद्यांचं काम दस्तगीरभाईंना. आमच्या लग्नाच्या गाद्याही त्यांनीच भरल्या होत्या. तिसरी पायरी, खांबाजवळचा कोपरा ही त्यांची जागा. तिथे दुसरं कुणी बसत नाही, मीही नाही.

२१ जानेवारी, बुधवार

गाद्या आल्या. जांभळ्या-पिवळ्या.

आपल्या टीमचा रंग! श्रेयाचं तोंड बघवेना. "भाई, मी ओटमीलचा तुकडा दिला होता ना तुम्हाला?"

"दिलता की. मला वाटलं धुळीचा हाय म्हणून झटकून बघिटला. पोरी, असल्या रंगाची गादी बघून गिऱ्हाईक म्हणंल, जुनी हाय."

ती रडकुंडीला आली तेव्हा त्यांनी हळूच एक गादी उलटी केली. खालून ओटमील. सगळ्या तशाच, दोन तोंडांच्या. "वरनं तुझा रंग, खालनं आमचा. मॅचच्या दिवशी पलटायच्या. भाभी, बरोबर हाय का न्हाय?"

मी म्हटलं, भाई, मॅचच्या दिवशी आम्ही इथे नसणार. ते म्हणाले, "आसंल तसं आसंल." आणि सवयीने वर चढून आपल्या कोपऱ्यात बसले. पाटी बघून उठले. त्यांना उठताना बघून मला जरा कसंसंच झालं. जराच.

२५ जानेवारी, रविवार

पहिलं गिऱ्हाईक. अमरावतीचं जोडपं. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनिअर, ती घरून काम करते. गोड पोरं आहेत.

पोवारने बजावलं होतं, दहा मिनिटं दाखवायचं आणि सोडायचं. पण आमच्याकडे आलेलं माणूस जेवल्याशिवाय जायचं नाही, आणि रविवार. यांनी सकाळीच मटण आणलेलं. तांबडा, पांढरा, सुकं. जेवताना हे त्या पोराच्या ताटात वाढत होते आणि घराची लक्षणं सांगत होते.

"मागची भिंत पावसाळ्यात वल धरतीया. तुम्हाला सांगिटलेलं बरं."

"अच्छा."

"रस्सा घ्या की अजून. न्हाणीचं पाणी तुंबतंय अधनंमधनं. आणि तुमच्या खोलीच्या मागं कोंबडं हाय पाटलांचं. पाचला वरडतंय. लाजू नका, घ्या."

पोवार माझ्याकडे बघत होता, मी छताकडे. विकत घेणाऱ्याला आग्रह करकरून दोष वाढणारा माणूस कोल्हापुराबाहेर मिळायचा नाही. पोरं पोटभर जेवली, नाकातून पाणी काढलं, कांदा-लसूण चटणीचा डबा मागून घेतला आणि गेली. संध्याकाळी फोन: जरा विचार करतो. म्हणजे नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

आज कळलं की माझ्या घरात शांतता आहे.

सकाळचा चहा घेऊन सहज हॉलमध्ये आले. कुणी नाही. मंडळी हल्ली तालमीच्या कट्ट्यावर बसतात. श्रेयाच्या पाटीला घाबरून नाही. घर विकायला काढलंय, डाग पडला तर वैनींचं नुकसान होईल म्हणून. हे चपला बाहेर काढतात आणि हॉलला वळसा घालून मागच्या बोळातून स्वयंपाकघरात येतात. आपल्याच घरात चोरासारखे.

मी पाटी बाजूला केली आणि दुसऱ्या पायरीवर बसले. पेपर घडी न मोडलेला मिळाला. शब्दकोडं कोरं. आतापर्यंत मला ते सोडवून, तेही चुकीचं सोडवून, मिळायचं. भिंतीवर ऊन आलं. ओटमील उन्हात फार छान दिसतो, श्रेयाला सांगायला हवं. गवतही वाईट नाही.

दहा वाजेपर्यंत बसले. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. लग्न होऊन या घरात आल्यापासून हॉलमध्ये एकटी बसलेली मला आठवत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

दुसरं गिऱ्हाईक. बांधकामाच्या सामानाचं मोठं दुकान. गृहस्थ आवाजाने मोठे, मनाने मोकळे. पायऱ्या बघून खूश. भाव मान्य. पोवारच्या चेहऱ्यावर दिवाळी. मग ते बसायला गेले, गादी सरकली म्हणून उचलली आणि खालचा रंग दिसला.

ते पलीकडच्या पेठेतले. म्हणजे फायनलला कायम ज्यांच्याशी आपली जुंपते तीच पेठ.

"ह्यावर मी बसायचं?"

नेमके दस्तगीरभाई एका गादीची शिवण घालायला आलेले. ते म्हणाले, "मग पलटू नका की. वर तुमचा रंग न्हाय, पण आमचाबी न्हाय, नुसती धूळ हाय." झालं! कुठल्या तरी जुन्या फायनलची पेनल्टी निघाली. ती होती की नव्हती, गोलकीपर आधी हलला की नाही. हे मध्ये पडले ते सोडवायला नाही, भर घालायला. चहा झाला, परत चहा झाला. शेवटी तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं की रेफ्री आंधळा होता, आणि गृहस्थ हसत उठले.

दारात मला म्हणाले, "वैनी, घर झकास हाय. पण ह्या गल्लीत राहायला आलो तर आमच्या पेठेत तोंड कुठं दाखवू?"

पोवार डोकं धरून बसला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? उद्या सकाळचा चहा हॉलमध्ये.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरं. रिटायर्ड साहेब, एकटेच. हे दूध आणायला गेलेले, म्हणून घर मी दाखवलं. मागची भिंत मी दाखवली. न्हाणी मी दाखवली. कोंबडं ओरडत नव्हतं तर त्याच्याबद्दल तोंडी सांगितलं.

साहेब गेल्यावर पोवार म्हणाला, "मॅडम, घरातले साहेब बोलायचे त्ये आता तुम्ही बोलालाय."

दुपारी रा.पुरीचा फ्लॅट परत बघायला गेलो. हेही आले. कडी तशीच छान. पण यांनी हॉलमध्ये उभं राहून भिंत वितीने मोजली आणि म्हणाले, "टीव्ही हितं. पायऱ्या न्हाईत, पण खुर्च्या हाईत की माळ्यावर. सगळ्यांना पत्ता दिलाय. लिफ्ट हाय, म्हंजे गुडघं धरल्यालीबी येत्यात."

दाराला कडी असून काय उपयोग, ती काढणारा आतच असणार! परत येताना रिक्षात हिशेब केला. इथे राहिले तर गल्ली हॉलमध्ये. तिथे गेले तर गल्ली लिफ्टमध्ये. घर विकायला काढलेलं आहे तोवरच हॉल माझा.

म्हणजे घर विकायचं नाही. आणि विकायला काढायचं थांबायचंही नाही. पोवार बिचारा. पण बिचारा असला तरी मजबूत आहे, चार वर्षं सहज काढेल.

८ फेब्रुवारी, रविवार

अमरावतीकर परत आले. न सांगता. ती म्हणाली, "काकू, आम्ही बाकी सगळी घरं पाहिली. वाईट कुणीच काही सांगितलं नाही. म्हणून इथेच आलो." मागणी आहे तो भाव. भिंतीसकट, न्हाणीसकट, कोंबड्यासकट.

मी शेवटचा उपाय केला. मॅचला चाळीस माणसं येतील म्हटलं. गल्ली सोडणार नाही.

ती पोरगी चक्क खूश झाली. "येऊ देत ना. आम्हाला इथे कुणीच ओळखत नाही. हे कंपनीत जातात, मी दिवसभर लॅपटॉपशी बोलते." बाहेर बातमी गेली असावी, कारण खिडकीत डोकी दिसायला लागली. दस्तगीरभाई आत येऊन तिला म्हणाले, "बाई, तिसऱ्या पायरीवरचा कोपरा तेवढा माझा हाय." ती म्हणाली, "लिहून देऊ का?" खिडकीतून टाळ्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "विचार करून सांगते."

एवढ्या सगळ्या लोकांचा एकदम श्वास सुटलेला मी पहिल्यांदा ऐकला. पोवार नुसता "मॅडम" म्हणाला आणि खाली बसला. पाटीवरच बसला. त्या पोरांनी मंगळवारी अकराला टोकन घेऊन यायचं आणि तोवर मी सांगायचं, असं ठरलं.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. हे कोठीला टेकून उभे. म्हणाले, "एक इचारू? तुला घर विकायचं हाय, का नुसतं विकायला काढायचं हाय?"

भाकरी तव्यावर करपली. एवढी वर्षं ज्याला काही कळत नाही असं मी धरून चालले, त्याने नेमकं हेच ओळखावं!

सांगून टाकलं. चहा, पेपर, शब्दकोडं, ऊन. ही कोठी आणि तिच्यावरचे पेपरांचे गठ्ठे. परीक्षेच्या दिवसांत मी इथे उभी राहून मार्क मांडायचे आणि आत गोल झाला की हात हलायचा. हॉल आमच्या घरात होता, पण मी त्यात फक्त चहाचा ट्रे घेऊन जायचे. बोलताना आवाज चढला, मग रडूही आलं. राग आला होता खरं तर.

"मग सांगायचं न्हाय व्हय?" ते म्हणाले.

"चाळीस माणसांसमोर?"

करपलेली भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळ. दुसरी पायरी. चहा, पेपर, ही वही.

पोवारचा फोन दोनदा वाजून थांबला. उद्या अकराला ती पोरं येणार. ती मला खरंच आवडतात. हो म्हणाले तर गल्ली खूश, पोवार खूश, आणि रा.पुरीत खुर्च्या. नाही म्हणाले तर... माहीत नाही. त्या पोरीला दिवसभर बोलायला माणसं हवीत, मला नकोत. मध्ये घर एकच.

आत्ता हे बाहेरून आले. चपला काढल्या. मागच्या बोळाकडे वळले नाहीत. हॉलच्या उंबऱ्याशी थांबले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले,

"आत येऊ का?"

यांच्या वडिलांनी बांधलेला हॉल. या घरात आजवर कुणी मला हे विचारलं नव्हतं. चहाचा एक घोट घेतला. आणखी एक घेतला.

मी हे लिहितेय तरी उभेच आहेत.