तेवढं कोरं सोडा

सिस्टर,

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. तहसील कचेरी, निराधार योजनेची खिडकी. वेळ मी तिथंच पावतीच्या मागे टिपून ठेवली. एकतीस वर्षं कंपनीच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी मांडण्यात काढली की हात आपोआप घड्याळाकडे जातो. खिडकीतल्या क्लार्कनं माझ्या शेजारणीचा अर्ज माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, इतका नीट भरलेला फॉर्म मी वर्षभरात पाहिला नाही. आणि नीट भरलाय म्हणूनच नामंजूर झालाय." तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. तरी त्या क्षणी मला पहिला राग आला तो तुमचा. क्लार्कचा नंतर आला, सरकारचा त्याच्याही नंतर. स्वतःचा सगळ्यात शेवटी, घरी येऊन चपला काढताना.

शेजारीण म्हणजे कासारवाडीतल्या आमच्या इमारतीमागच्या चाळीत एका खोलीत राहणारी म्हातारी. वय चौऱ्याहत्तर. लग्नानंतर नवऱ्याबरोबर बीडकडून इकडे आली. नवरा फाउंड्रीत कंत्राटावर होता, तो गेला तेव्हा त्याच्यामागे ना पेन्शन राहिली ना फंड. मुलगा एकच. तो हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो आणि बायकामुलांना घेऊन तिथंच माण गावात राहतो. कासारवाडीहून माण म्हणजे काही विलायत नव्हे, पण दोन वर्षांत त्याचं तोंड मी या गल्लीत पाहिलेलं नाही. विचारलं की म्हातारी म्हणते, "ट्राफिक लई असतंय बाई तिकडं." मी तिला म्हटलं, ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकलेली माणसं मला माहीत आहेत, दोन वर्षं अडकलेला तुमचाच पहिला. ती हसली आणि पुढ्यातली कोथिंबीर निवडत राहिली. माझ्या असल्या बोलण्यावर न दुखावता हसणारी या गल्लीत ती एकटीच आहे, म्हणून तर ती रोज दुपारी माझ्या पायरीवर बसलेली मला चालते.

फॉर्म मी भरला. सेतू केंद्रावरून कोरा आणला, आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला सगळं क्रमानं लावलं, टाचण्यासुद्धा एका रेषेत मारल्या. ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, खुर्चीवर बसत नाही. मी एकेक रकाना वाचायची, ती उत्तर द्यायची. मग एक रकाना आला: मुलगा सांभाळतो काय, होय किंवा नाही.

"तेवढं कोरं सोडा बाई."

"कोरं सोडता येत नाही."

"का वं? जागा सरकारची, शाई तुमची. न्हाई भरलं तर कुनाच्या बापाचं काय जातंय?"

"मग 'नाही' लिहिते. खरं तेच आहे."

तिनं माझा हात धरला. पेनासकट. "वरती माझ्या लेकाचं नाव आन खाली न्हाई? कचेरीत धा मान्सं वाचत्याल. पोरगी लग्नाला आलीया त्याची. म्या आई हाय त्याची, वैरीण न्हवं."

"अहो, पण रिकामं ठेवणार नाही मी. काय लिहू ते तुम्ही सांगा."

ती फॉर्मकडे बघत बसली. तिला वाचता येत नाही, तरी त्याच रकान्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "मंग लिवा होय. बघतोय म्हनून लिवा."

आणि मी लिहिलं, सिस्टर. मला ठाऊक होतं की ते खोटं आहे. तरी तुम्ही शाळेत गिरवून घेतलेल्या त्याच अक्षरात, रेघेला धरून, मी 'होय' लिहिलं आणि रकाना भरल्याचं समाधान मानलं.

तुम्हाला तो दिवस आठवणार नाही. माझ्यासारख्या किती मुली तुमच्या हाताखालून गेल्या असतील. मी सातवीत आहे. फी माफीचा फॉर्म आहे. त्यात 'वडिलांचा व्यवसाय' ही जागा मी रिकामी सोडली आहे. वर्गात सगळ्यांना मी सांगितलंय की वडील कंपनीत आहेत, आणि पिंपरीत तेवढं सांगितलं की पुढे कोणी विचारत नाही. तुम्ही मला मधल्या सुट्टीत कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात बोलावता. आत बटाटे उकडल्याचा वास आहे, स्वयंपाकीणबाई सालं काढते आहे. तुम्ही मंगळूरकडच्या. तुमच्या मराठीत बाप्या बाई होतो आणि बाई बाप्या. एरवी आम्ही त्यावर मागून हसतो. आज मला हसू येत नाही. "तुझा बाबा काय काम करते?" मी स्वयंपाकीणबाईच्या हातातली सालं बघते. "कॉलम रिकामा का ठेवली? रिकामा कॉलम म्हणजे पण खोटं बोलणं. फक्त आळशी मुलीचा खोटं." मग तुम्ही मला तिथंच, बटाट्यांच्या घमेल्याशेजारी, लिहायला लावता: कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासतात. एवढ्यावर तुमचं समाधान होत नाही. मोठ्यानं वाच, म्हणता. मी वाचते. स्वयंपाकीणबाई मान वर न करता म्हणते, "मग काय झालं गं, मी पण तेच करते की." तुम्ही मला ख्रिसमसच्या केकचा उरलेला तुकडा देता. तो मी तुमच्या देखत खाल्ला, तुमच्याबद्दल मनात येईल ते वाईट चिंतत खाल्ला, आणि तो फार छान लागला.

फी माफ झाली. त्यामुळे तुम्ही कायमच्या बरोबर ठरलात. माझी पुढची सगळी वर्षं त्या एका वाक्यावर गेली. टाइम ऑफिसात माझ्या टेबलावरून अर्धवट भरलेला कागद कधी पुढे गेला नाही. रजेचा असो, कर्जाचा असो, फंडाचा असो, रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. माणसं चाकणहून शिफ्ट संपवून यायची, दाराशी उभी राहायची. "मॅडम, तेवढं राहू द्या ना." मी राहू द्यायची नाही. मागून मला काय म्हणायचे ते मला माहीत होतं, आणि सांगते, मला त्याचा थोडा अभिमान होता. त्या माणसांनी सोडलेल्या जागांमध्ये काय काय होतं, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मला ते सगळे आळशी वाटायचे. हा तुमचाच शब्द.

तर आता ती खिडकी. मी क्लार्कला विचारलं, नीट भरल्याबद्दल नामंजूर करायची तुमच्या खात्यात काय पद्धत आहे? तरुण होता, चिडला नाही. रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "मुलगा सांभाळतो असं तुम्हीच लिहिलंय. मग आजी निराधार कशा?"

"तो सांभाळत नाही."

"मग तसं लिहायचं."

"त्या लिहू देत नव्हत्या."

"मग कोरं सोडायचं ना, मॅडम." लहान मुलीला सांगावं तसं त्यानं मला सांगितलं. "कोरं असलं की आम्ही चौकशीला पाठवतो. तलाठी चाळीत येतो, चार घरी विचारतो. शेजारी सांगतात काय ते, त्याचा पंचनामा होतो. आजीला पोराच्या विरोधात तोंड उघडावं लागत नाही. सगळ्या म्हाताऱ्या कोरंच सोडतात. तुमच्या आजींना माहीत नव्हतं?"

माहीत होतं. चाळीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. तीन भाषांत अर्ज लिहू शकणाऱ्या एका बाईला तेवढं माहीत नव्हतं. तुमच्या त्या स्वयंपाकघरात रिकाम्या जागेला एकच अर्थ होता. या खिडकीवर तिचा अर्थ असा होता की आईच्या तोंडून वदवू नका, बाहेर विचारा. सरकारी कारभारात मला आजवर दिसलेली ही एवढीच शहाणपणाची गोष्ट, आणि ती मी सुबक अक्षरात बुजवून टाकली. खोटं बोलू नये म्हणून पाळलेल्या नियमानं एका म्हातारीला खोटं बोलायला लावलं. याला काय म्हणायचं ते तुमच्या धर्मात सांगितलं असेल तर मला कळवा.

नामंजुरीचं कारण मी लेखी मागितलं. तो माझा हक्क आहे आणि त्यांनी तो दिला. कागदावर लिहिलं आहे की मुलगा सांभाळ करीत असल्याचे अर्जदाराने स्वतः नमूद केले आहे. स्वतः. घरी येऊन मी म्हातारीला काय सांगितलं असेल? सांगितलं की कचेरीत सगळे चोर बसलेत, गरिबाचं कोण ऐकतं. ती म्हणाली, "जाऊ द्या बाई, तुमी किती खपलात माझ्यासाठी." दुसऱ्या आठवड्यापासून ती स्टेशनजवळच्या एका खानावळीत भांडी घासायला जाते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. रक्तदाबाची गोळी अर्धी करून खाते, म्हणजे महिन्याची दोन महिने जाते. माझ्या पायरीवर दुपारी आता कोणी नसतं.

कोर्टात मोफत कायदा मदतीचं केंद्र आहे तिथं मी गेले. बाईमाणसाला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो, असा कायदा आहे. टाइम ऑफिसात मी एवढी वर्षं बसले, दाराशी किती विधवा उभ्या राहिल्या, एकीलाही मी हे सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. तिथली वकील मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिनं कागद वाचला आणि दोन रस्ते सांगितले. एक, प्रांत अधिकाऱ्यांकडे मुलावर पोटगीचा अर्ज. त्याचा विषय मी म्हातारीकडे नुसता काढला, तर ती म्हणाली, "लेकावर केस? म्या मेल्यावर करा, तवा त्यालाबी यावं लागंल." दुसरा रस्ता अपिलाचा. "त्यात आजींना काहीच म्हणायला नको, मॅडम. प्रतिज्ञापत्र तुम्ही द्या. अर्जदार ती जागा कोरी ठेवा म्हणत होती, आणि मी तिच्या इच्छेविरुद्ध, खोटं आहे हे माहीत असताना, उत्तर लिहिलं. एवढं तुम्ही शपथेवर सांगा. मग चौकशी लागेल." मी विचारलं, 'अनवधानानं' असं नाही का चालणार? ती म्हणाली, "अनवधानानं लिहिलंत का?"

तुम्ही असतात तर अगदी असंच विचारलं असतं.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्याकडे येऊन सोळा दिवस झाले. सगळे कागद शुक्रवार, २८ मार्चला आत जायला हवेत, आणि अपिलावर म्हातारीचा अंगठा लागतो. म्हणजे त्याआधी तिला सगळं सांगावं लागणार. क्लार्क काय म्हणाला, चोर कोण होतं, तिचं म्हणणं ऐकलं असतं तर आज ती खानावळीत गेली नसती, हे सगळं. या सोळा दिवसांत मी चार वेळा त्या खानावळीवरून गेले आणि चारही वेळा पलीकडच्या बाजूनं गेले. लोकांची हजेरी मांडण्यात जिचा जन्म गेला, तिला एका म्हातारीसमोर उभं राहायला सोळा दिवस पुरत नाहीत.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही, ते टाकायला पत्ता नाही. कबूल एवढंच करते की मी ते तुमच्यासाठी लिहायला बसले नव्हते. मला दोष ठेवायला एक जागा हवी होती, आणि मेलेलं माणूस उलट बोलत नाही. तरी माझा प्रश्न खरा आहे. त्या रकान्यात मी काय लिहायला हवं होतं, याचं उत्तर मला तुमच्या अक्षरात हवं आहे, लेखी, बुधवार, २६ मार्च, संध्याकाळी साडेपाचच्या आत. गुरुवारी सकाळी ती कामाला निघायच्या आधी मला तिच्या दारात जायचं आहे.