पुढच्या चाकाचे दोन फेरे

सेलू,
रविवार, दि. २० नोव्हेंबर १९७७

चि. आश्रुबास पंडितकाकाचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. इकडं आमी दोघं बरे आहोत. थंडी पडल्यापासून तुझ्या काकूचे गुडघे कुरकुरायलेत, तरी उखळ काही सोडत नाही. गंगाखेडला पोरगं काय खात असेल, असं रोज म्हणते. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ दिली हाय.

मालकाच्या जीपला मोठे टायर घालायचेत, उसाच्या रानात चिखलातून जायला, तर ॲक्सलमधी किती दातांचं क्राऊन-पिनियन घालावं, असं तू विचारलंस. उत्तर लहान हाय. ते लिहायला तीन आठवडे का लागले, ते पुढं येईल.

टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर तोडते आणि इंजिनाला तेवढी ओढ उरत नाही. लेकरानं बापाची चप्पल घातल्यासारखं, पाऊल मोठं पडतं पण उचलत नाही. ती ओढ ॲक्सलच्या पोटातल्या दातांनी भरून काढायची. मिलिटरीच्या जुन्या जीपला पिनियनच्या लहान चक्रीला आठ आणि क्राऊनच्या मोठ्या चक्रीला एकोणचाळीस दात असतात. तुझ्या मोठ्या टायरला आठाला त्रेचाळीस घाल. सडकेवर जरा कमी पळेल, पण रानात चांगली ओढील.

मागं घातलंस ते पुढंही घाल. दोन्हीकडं दात सारखे नसले आणि पुढच्या चाकांना ओढ देणारा पुढचा गेअर टाकला, तर पुढची चाकं पळायला बघतात आणि मागची धरून ठेवतात. चिखलात चाकं घसरतात म्हणून खपून जातं. कडक जमिनीवर आली की गाडी आतल्या आत आवळते. मग त्या गेअरचा लिव्हरही निघत नाही.

दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नको. ॲक्सल उघडायचा नसला तरी मोजता येतं, पाव तासाचं काम. गाडी न्यूट्रलला ठेव. एक चाक जॅकवर घे, जोडीचं जमिनीवर राहू दे. चाकावर आणि ॲक्सलला येणाऱ्या लांब शाफ्टवर खडूनं खूण कर. चाक हातानं दोन फेरे फिरव आणि शाफ्टचे फेरे मोज. त्रेचाळीस दात असले तर शाफ्ट पाच फेऱ्यांच्या पुढं जातो. एकोणचाळीस असले तर पाच भरायच्या आत थांबतो. मागचं मोज आणि पुढचं मोज. आश्रुबा, पुढचं आधी मोज.

दातांचं हे एवढं मी पत्र आलं त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं.

वालूरच्या आबासाहेबांची जीप, जी तुझा दादा सूर्यभान चालवायचा, ती मीच बांधली होती. तिलाही मोठे टायर घातले. मागचं त्रेचाळीसचं क्राऊन मी दात मोजून बसवलं. पुढचा ॲक्सल हैदराबादेहून तयार आला होता. ‘मागच्यासारखाच हाय,’ असं भंगारवाल्यानं सांगितलं. आबासाहेबांच्या घरी लग्न होतं, घाई चालली होती. मी तसाच जोडला. खडू माझ्या खिशातच होता.

महिन्यानं सूर्यभान चहाला आला. म्हणाला, “मिस्त्रीकाका, पुढचा गेअर टाकला की गाडी आपली आपल्याशीच भांडायली बघा. लिव्हर लाथ घातल्याबिगर सुटंना.”

मी म्हणालो, “नवी सोयरीक हाय बाबा. जमायला दिस लागतेत.”

“तुमचं अन् काकूचं जमलं का मग?”

हिनं आतून लाटणं दाखवलं. तो लय हसला आणि हसत हसतच गेला. गाडीबद्दल त्यानं विचारलं आणि मी एवढंच उत्तर दिलं.

मग तो भादव्यातला दिवस. ओढ्याचं पाणी फरशीपुलावर चढायलं होतं. अलीकडच्या चिखलात त्यानं पुढचा गेअर टाकला, टाकायलाच पाहिजे होता. तिथून दगडी फरशीवर आला आणि गाडी आवळली. काठावरच्या लोकांनी पाहिलं ते एवढंच, की जीप हिसके देत, झोकांड्या खात मधोमध गेली आणि बंद पडली. पाणी वाढलं, ते त्याला घेऊन गेलं. गाडी झिंगल्यासारखी चालली म्हणून लोकांनी माणसालाच झिंगलेला ठरवलं.

चौथ्या दिवशी जीप माझ्या आवारात आणून टाकली. लिव्हर पुढच्या गेअरमधीच होता, दांडीवरचा रंग लाथांनी उडालेला. मी शाफ्ट सोडले, जॅक लावला. मागची खूण पाचच्या पुढं गेली. पुढची पाचच्या आत थांबली. तीन वेळा मोजलं. मग धोतराच्या सोग्यानं खुणा पुसल्या. दुसऱ्या दिवशी पोलीस आले.

“मिस्त्री, गाडीत काही दोष?”

“न्हाई, साहेब.”

पंचनाम्यावर मी सही केली.

दोन वर्षं झाली. ती जीप भंगारात गेली, पुढचा ॲक्सल मात्र मी कडुनिंबाखाली ठेवून घेतला. दुपारी जेवायला बसलो की पत्र्यावर लाथ मारल्यासारखा आवाज येतो. आधी उठून बघायचो, आता उठत नाही. तुझी काकूही ‘काय झालं’ म्हणून विचारत नाही. आवारात पंक्चरला जीप आली तरी मी तिचे फेरे मोजतो. चांगला त्रेचाळीसचा शाफ्टसुद्धा पाच भरायच्या जरा आधी हातात जड होतो, पलीकडून कोणी धरल्यासारखा.

दिवाळीच्या आधी तुमच्या वस्तीतल्या चतुराबाई वालूरहून आल्या होत्या. सांगत होत्या, बुद्धवंदनेला सगळ्या बाया पंचशील म्हणतात, पण दारूचं पाचवं शील आलं की तुझ्या वहिनी सुमनबाई तोंड मिटून घेतात. शेजारच्या बाया वळून बघतात म्हणून. सूर्यभाननं कधी थेंब घेतला नव्हता. तुमच्या घराला ते ठाऊक होतं आणि बाहेर एकट्या मला. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, तोच सवाल घेऊन. उत्तर अर्धं लिहून तुला पाठवलं असतं तर मी दुसऱ्यांदा सही केली असती.

शुक्रवारी पौर्णिमा हाय. वंदनेला माणसं जमतील तेव्हा मी वालूरला येतो, सगळ्यांसमोर उभा राहून हेच सांगतो. ॲक्सल बैलगाडीत घालून आणतो आणि खडू सुमनबाईंच्या हातात देतो. त्यांनी स्वतः मोजावं, मग मला काय म्हणायचं ते म्हणावं. तिथून ठाण्यात जाऊन जबाब बदलून देतो. तुझी काकू म्हणाली, मी पण गाडीत बसते. गुडघ्याचं काय, विचारलं, तर गाडीत टाकायची गोधडी घडी करून दाराशी ठेवली.

तू यायचं का नाही, ते तू ठरव. मालकाला सांग, पुढचे दात मोजल्याशिवाय गाडी हलणार नाही.

पत्राच्या शेवटी तुला आशीर्वाद लिहायची माझी रीत. या वेळी हात धजत नाही. पूर्ण नावानं सही करतो. पंचनाम्यावर हाय, तीच.

पंडित सिताराम मिस्त्री