सारूचं न म्हटलेलं आमेन

प्रिय सारू,

एवढ्या उशिरा लिहितो आहे, माफ कर. चोवीस वर्षं झाली. रोज उद्यावर टाकलं. आधी शाळेची नोकरी होती म्हणून, मग डोळ्यांना कमी दिसतं म्हणून, मग हात थरथरतो म्हणून. खरं कारण भीती. मराठी तिसरी शिकलेल्या शिपायाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

आज लिहितो आहे, कारण काल संध्याकाळी रूथ आमेन म्हणाली नाही. परवाही म्हणाली नव्हती.

रूथ म्हणजे तुझ्या धाकट्या भावाची, आपल्या दानूची मुलगी. नऊ वर्षांची आहे. तू गेलीस तेव्हा दानू सात वर्षांचा होता. आता त्याला सगळे दानिएलराव म्हणतात. कचेरीत कारकून आहे, आपल्या ख्रिस्ती देवळाच्या पंचांत बसतो. आम्ही अजून गिरगावातच आहोत, खोताच्या वाडीच्या तोंडाशी. संध्याकाळची प्रार्थना तो अगदी माझ्यासारखी चालवतो. दिवा मध्ये, सगळे गुडघ्यांवर, आणि एकेकाचं नाव घेऊन त्या दिवसाचं पाप देवाला मोठ्याने सांगायचं. ज्याचं नाव निघालं त्याने शेवटी आमेन म्हणायचं. म्हणजे कबूल.

ही रीत माझीच. आपल्या पाळकसाहेबांनी केवढं कौतुक केलं होतं! "मुलांना वळण लावावं तर असं," म्हणाले होते. मी आठवडाभर छाती काढून शाळेची घंटा वाजवली.

आता दानिएल माझंही नाव घेतो. "प्रभू, आमच्या वडिलांना या वयात सुक्या बोंबलांचा मोह आवरत नाही, त्यांना बळ दे." सून तोंडाला पदर लावते. मी आमेन म्हणतो. काय करणार? जेवतो त्याच्या घरात.

सारू, तुला तो रविवार आठवतो का? शब्बाथाच्या, देवाच्या विसाव्याच्या दिवशी उपासना सुटल्यावर तू एकटी चौपाटीवर होड्या बघायला गेलीस. झग्याच्या काठाला वाळू घेऊन आलीस. मी विचारलं, तर "नाही गेले" म्हणालीस. किती सरळ तोंडाने म्हणालीस गं! मी तुला मारलं नाही. मारण्यापेक्षा मोठी शिक्षा माझ्याकडे होती. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तुझं नाव. "प्रभू, सारा खोटं बोलली. प्रभू, ती अजून कबूल करत नाही." रोज तू खाली मान घालून आमेन म्हणायचीस, पण स्वतःच्या तोंडाने चौपाटीचं मात्र सांगायची नाहीस.

कसं करणार? चौपाटीवर कुठल्याशा फुटक्या फळीचा गंजका खिळा तुझ्या टाचेत घुसला होता. पाय दाखवला तर चौपाटी उघडी पडणार. तू टाचेला चिंधी बांधलीस आणि वर मोजे चढवलेस. उन्हाळ्यात मोजे! तुझी आई म्हणाली, "अहो, पोर लंगडते आहे, बघा तरी." मी म्हणालो, "सहानुभूती मिळवते आहे."

नवव्या दिवशी तुला भाकरी चावेना. चहात बुडवून चोखत बसलीस. मी म्हणालो, नखरे. संध्याकाळी तुझं नाव घेतलं, शेवटाला आलो आणि थांबलो. तू आमेन म्हणेनास.

मी म्हणालो, "सारा." तू गप्प. "सारा, देव वाट बघतो आहे." तरी गप्प. "मग कोणी उठायचं नाही." दानू रडायला लागला, त्याचे गुडघे दुखत होते. तुझी आई म्हणाली, "तिला म्हणता येत नाहीये हो!" मी म्हणालो, "येत नाही, की म्हणायचं नाही?"

मग मी दिवा उचलून तुझ्या तोंडासमोर धरला. तू हसत होतीस.

प्रार्थनेत हसते! माझ्या तोंडावर! मी तुझ्या थोबाडीत दिली. तरी हसू जाईना. तेव्हा मी तुझा जबडा दोन्ही हातांनी धरून उघडायला गेलो, आणि तो लाकडासारखा लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. धनुर्वाताने चेहरा तसा ओढला जातो, हे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. मोजा त्यांनी काढला. मला वाटतं, त्या खोलीत चिडलेला नव्हता असा तेवढाच एक माणूस होता.

तिसऱ्या दिवशी तू गेलीस. तुझी आई त्यानंतर पंधरा वर्षं जगली आणि माझ्या प्रार्थनेला एकदाही आमेन म्हणाली नाही. ओठ हलवायची. मी तिचं नाव घेऊन देवाकडे तक्रार करायचो. हो, तेही केलं मी.

पण सगळ्यात वाईट ते अजून लिहिलंच नाही. कागद संपत आला, म्हणून आता लिहितो. तुला पुरून आलो तेव्हा दानूने विचारलं, "बाबा, सारूताई का मेली?" मला म्हणता आलं असतं की खिळा लागला. म्हणता आलं असतं की बापाने पाय बघितला नाही. मी म्हणालो, "शब्बाथ मोडला, खोटं बोलली, आणि आमेन म्हणाली नाही." सात वर्षांच्या पोराला! त्याने ते खरं मानलं. अजून मानतो.

काल त्याने रूथला तेच सांगितलं. "तुझी आत्या आमेन न म्हणता मेली, ठाऊक आहे ना? विचार आजोबांना." रूथने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सारू. होकाराची.

आणि तिचं पाप कुठलं? दिव्याची काच फुटली. दानिएल म्हणतो रूथने फोडली, रूथ म्हणते नाही. काच माझ्या हातून फुटली. पुसायला घेतली होती, हात थरथरला. तुकडे मीच पाटाखाली सारले. दोन संध्याकाळी ती पोर गुडघ्यांवर आहे आणि मी तिच्या शेजारी डोळे मिटून बसतो आहे.

आज सकाळी मला धडकी भरली. ही पण गप्प, तूही गप्प होतीस. दानिएल कचेरीला गेल्यावर मी तिला खिडकीजवळ बोलावलं. "पाय दाखव बघू. काही लागलंय का?"

"नाही."

"भाकरी चावता येते? तोंड उघड."

तिने भलंमोठं तोंड उघडलं. दात मोजून घ्यावेत एवढं. मी अक्षरशः बोट घालून बघितलं. "मग आमेन का म्हणत नाहीस गं?"

"मी काच फोडली नाही, मग का म्हणू?"

"अगं, म्हणून टाक. एक शब्द तर आहे. गुडघे सुटतील."

"काच कोणी फोडली ते मी बघितलंय, आजोबा." आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "आता तुमचं तोंड उघडा. बघू उघडतंय का."

सून चुलीपाशी होती. तिने ऐकलं असेल का? ऐकलं असलं तर आधीच सांगून टाकेल. मग माझ्या सांगण्याला काय किंमत? घाई करायला हवी. पण दानिएल घराबाहेर काढेल का? मी कुठे जाऊ? वरळीला तुझा मामा होता, तोही गेला. बघ, अजून मी माझ्याच जेवणाचा विचार करतो आहे.

तुला वचन देतो. आज संध्याकाळी दानिएल रूथचं नाव घेईल, तेव्हा मी मध्येच बोलणार. आधी काच, मग खिळा, मग मोजे, मग थप्पड, मग मी त्याला काय शिकवलं ते. माझं नाव माझ्याच तोंडाने घेणार. तो म्हणेल, "बाबा, प्रार्थना चालू आहे." म्हणू दे. माझ्या कबुलीनंतरच्या आमेनला रूथने तोंड उघडलं नाही तरी चालेल.

तू फक्त एवढं कळव. त्या संध्याकाळी तुझा जबडा उघडला असता, तर तू आमेन म्हणाली असतीस का? की रूथसारखीच गप्प बसली असतीस? जे असेल ते कळव, पण लवकर कळव गं. दिवे लागायची वेळ होत आली आहे.

तुझा,
बाबा