मामाच्या चांदीच्या नाण्याची कड

३ फेब्रुवारी, रविवार
राजाचं नाक गेलं! मीच घालवलं.

झालं असं — मामाने मला पहिलंवहिलं रोमन नाणं दिलं. तांब्याचं, हिरवट, कोटाच्या बटणाएवढं. म्हणाला, माझ्या घरी राहतेस तर काहीतरी शीक. मला वाटलं, किती मळकं आहे, चमकवून आणू, मामा खूश होईल. कामावर नेलं. आम्ही कवळ्या बनवतो, तिथे दातांना चकाकी आणायचं चाक आहे. त्याच्यावर धरलं — घर्रर्र! असं लखलखलं की त्यात मला माझेच दात दिसले. राजा मात्र सपाट.

मामा बघून खुर्चीत बसलाच. तो हिरवा थर म्हणजे मळ नव्हे म्हणे, ती नाण्याची कातडी. जुनं नाणं कधी घासायचं नसतं. 'मातीने इतकी शतकं सांभाळलं, तुला एक दुपार नाही सांभाळता आलं.'

मामी आतून म्हणाली, बरं झालं, घरात एक तरी वस्तू चकचकीत झाली.

५ फेब्रुवारी, मंगळवार
दर्जा ठरवायला शिकले. या लोकांचं सगळं उलटं! 'गुड' म्हणजे जवळजवळ मेलेलं नाणं, राजाचं नुसतं डोकं कळतं. 'फाइन' म्हणजे बरं. 'व्हेरी फाइन' म्हणजे केस, कान, पानांचा मुकुट, सगळं जागेवर. जे उंच ते आधी झिजतं — गाल, भुवई, कान.

नाव शोधणं त्याहून मजेशीर. अक्षरं काठाने गोल फिरतात, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. शाळेत मला इंग्रजीनेच घाम फुटायचा, इथे लॅटिन! पण सगळं वाचायचंच नाही. सुरुवातीची बिरुदं सोडून द्यायची. मधे कुठे 'ट्रायान' दिसलं की तो ट्रेजन राजा. अक्षरं गेली असतील तर हनुवटी बघायची. दाढी असली तर बहुतेक हेड्रियन नाहीतर त्याच्यानंतरचा कोणी. आधीचे बरेचसे तुळतुळीत.

मग काय, सगळ्यांना दर्जे वाटले. मामी — व्हेरी फाइन, कड शाबूत. मामा — फाइन, माथ्यावर झीज. कामावर मालकांना सांगितलं, तुम्ही गुड. मालक दिवसभर खुशीत होते.

१० फेब्रुवारी, रविवार
मामाने नाणे मंडळात नेलं. छापखान्याच्या वरची खोली, लांब टेबल, हिरवं कापड, आणि एकेकाच्या डोळ्याला भिंग चिकटलेलं. त्यांची एक रीत आहे. कुठलंही नाणं टेबलावर आलं की सगळ्यात नवा सभासद आधी बोलणार — कोण राजा, दर्जा काय, खरं की खोटं. जुन्यांनी तोंड उघडायचं नाही. नाहीतर नवे नुसते पोपट होतात, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. म्हणजे आता मी!

नाण्यांच्या ट्रेमध्ये मी गुपचूप कवळीचा एक दात ठेवून दिला. मिशावाल्या काकांनी तो चिमट्याने उचलून बराच वेळ फिरवला. अध्यक्षबाईंनी भिंग लावलं आणि अजिबात न हसता म्हणाल्या, 'वरची दाढ. व्हेरी फाइन.'

बाई आपल्याला आवडल्या.

पुढच्या रविवारी वार्षिक बैठक. प्रत्येकाने आपलं सगळ्यात लाडकं नाणं आणायचं. मामा त्याचं चांदीचं ट्रेजन नेणार! आजवर ते कपाटाबाहेर पडलेलं नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मामा लिफ्ट दुरुस्त करतो. एकदा एक म्हातारे गृहस्थ दोन मजल्यांच्या मधे अडकले, आत घुसमटायला लागले. मामा वरून दोरीला धरून उतरला, बोलत बोलत त्यांना शांत ठेवलं, बाहेर काढलं. त्यांनी खिशातून हे नाणं काढून मामाच्या मुठीत दाबलं. मामा ही गोष्ट सांगतो तेव्हा मूठ अजून तशीच मिटतो.

१३ फेब्रुवारी, बुधवार
मामा कामावर होता. सरावाला म्हणून चांदीचं ट्रेजन काढलं. ट्रेजन ओळखला, झटकन! दर्जा — फाइनच्या वर. मग कड बघितली.

कडेवरून बारीक रेघ जाते, गोल, पूर्ण. कानाशी सुईच्या टोकाएवढे खड्डे. अक्षरं मेणासारखी मऊ.

रोमन लोक चकतीवर ठसा ठेवून हातोडा हाणायचे. ओतायचे नाहीत. हे ओतलेलं आहे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे रेघ येते आणि धातूत हवा राहिली की खड्डे. कवळ्यांच्या साच्यात मी रोज तेच बघते आणि घासून काढते की.

पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
सांगायचं. नाही सांगायचं. सांगायचं.

१६ फेब्रुवारी, शनिवार
सांगितलं. मामा शर्टाला इस्त्री करत होता, उद्यासाठी. मी म्हटलं, मामा, ते नाणं नको नेऊस, खोटं आहे. मामा इतका हसला की इस्त्री बाजूला ठेवावी लागली. मामीला हाक मारली, ऐक हिचं नवीन. मी आईची शपथ घेतली. म्हणाला, आईची शपथ तू मागच्या वेळी साखरेच्या डब्यात मीठ भरलंस तेव्हाही घेतली होतीस.

खरंय. घेतली होती.

१७ फेब्रुवारी, रविवार
मामाने गोष्ट सांगितली. सगळे गप्प होऊन ऐकत होते, मिशावाले काकासुद्धा. मग मूठ उघडून नाणं हिरव्या कापडावर ठेवलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, 'नवी सभासद.'

सगळ्यांची भिंगं तयार. खोटं म्हणावं तर मामाची गोष्ट तिथेच मेली. खरं म्हणावं तर पुढच्या माणसाने कड बघायचाच अवकाश. मामा माझ्याकडे बघून हसत होता. माझी पहिली परीक्षा ना!

मी जोरात हसले. म्हटलं, 'फसलात सगळे! हे माझ्या हातचं आहे. कवळीच्या साच्यात ओतलं. मामाचं खरं घरी आहे, मी बदललं.'

काय गोंधळ! मिशावाले उभेच राहिले. मामाचा चेहरा लालबुंद. अध्यक्षबाईंनी कडेला भिंग लावलं, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, 'हिचं नाव कमी करा.'

जिन्यावर मामा एवढंच म्हणाला, 'भवाने, घरी चल आणि खरं काढ.'

मी संबंध रस्ताभर हसत होते. थांबताच येईना.

१८ फेब्रुवारी, सोमवार
सांगितलं, कामावर ठेवलंय. उद्या आणते. मामा जेवला नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
सांगितलं, मालकांच्या कपाटात आहे, किल्ली त्यांच्याकडे. मामी म्हणाली, पुरे झालं तुझं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
मामा आज थेट माझ्या कामावर आला, पान्यांची पिशवी खांद्यालाच. मला वाटलं, आता मालकांना कपाट उघडायला लावणार. पण त्याने कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. मी घासायला घेतलेला एक दात उचलला, उजेडात धरला, कडेवरून नख फिरवलं. मग खिशातून नाणं काढून त्याच्याही कडेवरून नख फिरवलं.

'ही रेघ राहिलीय,' म्हणाला. 'तू केलं असतंस तर ठेवली नसतीस.'

मी चाक बंद केलं.

मामाने नाणं खिशात टाकलं, माझ्या डब्याची पिशवी उचलली. 'चल. भिंग घे. घरच्या कपाटातली बाकीची नाणीही बघून टाकू.'