बाबांच्या सीटखालची तार

आई,

बाबांच्या जुन्या सीडीवर गाडीच्या वायरिंगच्या एकेचाळीस आकृत्या निघाल्या. त्यांची सीट सदतिसाव्या आकृतीत आहे. सीटखालच्या सेन्सरला माणूस बसलेला कळला, की पट्ट्याचा बझर वाजतो. बाबा गेल्यावरही तो वाजतोच.

तू काल तार कापून टाक म्हणालीस. पण "आता तरी पट्टा लावा हो!" असं त्या रिकाम्या सीटला दटावताना मी तुला फाटकातून ऐकलंय. म्हणून कापली नाही. अगदीच नको झालं तर सीटखालचा पांढरा प्लग ओढ. गाडी तुझ्याकडेच ठेवून मी बसने जातेय.

मॅन्युअलप्रमाणे रिकाम्या सीटचा सेन्सर चारशे ओहमच्या वर रोध दाखवतो, माणूस बसला की शंभराच्या खाली. आज सेन्सर नवा टाकला आणि रिकामी सीट मोजली. ब्याण्णव ओहम.