मधातलं औषध आणि माझी हाडं

१२ सप्टेंबर
दोन वर्षं घेतलं, आजपासून औषध बंद. डॉक्टर रुदैना म्हणतात, अन्ननलिकेची सूज जुनाट आहे, मधात कालवून स्टेरॉइड गिळत राहायचं, वर्षानुवर्षं. वर म्हणाल्या, "अंगात फारसं जात नाही, काका. तरी अधूनमधून हाडं तपासू." जात नाही, तर हाडं कशाला तपासता? तीस वर्षं कस्टममध्ये काढली. 'बॅगेत काही नाही' म्हणणाऱ्याचीच बॅग मी आधी उघडायचो.
उम्म नायेफला सांगितलं नाही. बायको डॉक्टरच्या बाजूची आहे. औषधाच्या कुप्या जुन्या टोपीच्या डब्यात, मध पोटात.

२० सप्टेंबर, सकाळी
जिन्यावर गुडघा कटकन वाजला. पुरावा.

४ ऑक्टोबर
चौकटीला टेकून उंची मोजली. ईदच्या खुणेपेक्षा बोटभर कमी. उम्म नायेफ म्हणाली, ईदला तुमच्या पायात नवे बूट होते. हिच्या इतकं बारीक लक्षात कसं?

२५ ऑक्टोबर
भाकरी अडकली. बेकरीवाल्याला सुनावलं. तो म्हणतो, अख्खं करक शहर हीच खातं. सगळे मिळालेले आहेत.

१४ नोव्हेंबर
कोंबडी अडकली. पाणी पिऊन, उड्या मारून उतरवली. हाडं भक्कम असल्याशिवाय अशा उड्या जमत नाहीत.

४ डिसेंबर
उद्या नायेफच्या होणाऱ्या सासऱ्याकडे, अबू सक्रकडे मनसफ, दह्यात शिजवलेल्या मटणाची मेजवानी. नायेफ म्हणाला, "बाबा, तिथे हात आखडू नका, अपमान समजतात. चार वर्षं थांबलोय मी." पोराचा बापाच्या घशावर विश्वास नाही. ठरवलं, मोठाच घास घ्यायचा.

६ डिसेंबर, इस्पितळ
काल अबू सक्रने खांद्याचं मांस स्वतः तोडून माझ्यापुढे ठेवलं. गिळलं. छातीत अडकलं, ना वर ना खाली. तेवढ्यात कॉफी आली. थुंकी उतरत नव्हती, कॉफी कुठली? पेला तसाच खाली ठेवला.
सगळी बैठक पेल्याकडे बघू लागली. आमच्याकडे पाहुण्याने न पिता पेला खाली ठेवला की त्याची काही मागणी असते, ती मान्य होईपर्यंत तो पीत नाही.
अबू सक्र म्हणाला, "मुलगी दिली. आणखी काय हवंय?" मी नुसता हात हलवला. त्याचा भाऊ म्हणाला, "मुलीला घालायचं सोनं कमी करा म्हणत असेल." नायेफ पांढराफटक पडला. अबू सक्र उठला. "मागायलाही तोंड नसेल, तर चपला घाला."
मला रडू आलं. खरंच आलं. पोराचं लग्न माझ्या छातीत अडकलं होतं.
शेवटी उम्म नायेफ बायकांच्या खोलीतून धावत आली. "अहो, मागणी कसली, घास अडकलाय यांना."
नायेफने गाडीतून इथे आणलं. घास दुर्बिणीने काढला.

११ डिसेंबर
हाडांचा रिपोर्ट उत्तम. म्हणालो, बघा, औषध सोडल्याचा फायदा. डॉक्टर म्हणाल्या, "काका, तीन महिन्यांत हाडं बदलत नसतात. आधीची दोन वर्षं औषध घेऊन ती अशी आहेत. गळा मात्र तुम्ही आवळून घेतलात."
लग्न ठरलं. अबू सक्रचा निरोप आलाय, वरपित्याला सूप.

१२ डिसेंबर, सकाळी
औषध घेतलं. उम्म नायेफ समोर उभी. "तोंड उघडा. जीभ वर." उघडलं.
मग म्हणाली, आता टोपीचा डबा दाखवा. मी म्हणालो, त्यात काही नाही.
तिने तोच आधी उघडला.